सर्व्हो मोटर का तापते? व्हीएमसीवरील ओव्हरहीट अलार्मचे मूळ शोधताना

कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका लहान कारखान्यात बिडाच्या कास्टिंगचे मिलिंग करणाऱ्या एका व्हीएमसीवर (संगणकाने चालणाऱ्या उभ्या मिलिंग मशीनवर) रोज एकच प्रकार घडत होता. सकाळी सातला मशीन सुरू झाले की पहिले दोन-अडीच तास काम सुरळीत चाले, साडेनऊच्या सुमारास पडद्यावर वाय ॲक्सिसचा (मशीनच्या एका सरकत्या दिशेचा) ४३० क्रमांकाचा, म्हणजे ती दिशा चालवणारी सर्व्हो मोटर तापल्याचा अलार्म येई आणि मशीन थांबे. ऑपरेटर मागचे पत्र्याचे कव्हर उघडून मोटरीवर पंखा लावत असे, अर्ध्या-पाऊण तासाने अलार्म रीसेट होई आणि तासाभराने पुन्हा तेच. मी तिथे पोहोचलो तेव्हा मालकांनी जुनी मोटर काढून दुरुस्त केलेली दुसरी मोटर बसवून झाली होती, त्यात मोठा खर्च झाला होता आणि अलार्म मात्र पूर्वीइतक्याच नियमाने येत होता. या मशीनचे पुढे काय झाले ते शेवटी सांगेन. त्याआधी मोटर तापते म्हणजे नेमके काय होते हे समजून घ्यायला हवे, कारण ते समजल्याशिवाय कोणताही भाग बदलणे हा निव्वळ जुगार ठरतो.

सर्व्हो मोटर जितका टॉर्क देते, त्या प्रमाणात ती विद्युतप्रवाह घेते, आणि त्या प्रवाहामुळे तांब्याच्या वाइंडिंगमध्ये उष्णता निर्माण होते. टॉर्क आणि प्रवाह यांचे नाते साधारण सरळ असले, तरी प्रवाह आणि उष्णता यांचे नाते वर्गाचे आहे: प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट होते आणि प्रवाह केवळ २० टक्क्यांनी वाढला तरी उष्णता ४४ टक्क्यांनी वाढते. म्हणून लोड मीटरवर (मोटर क्षमतेच्या किती टक्के भार घेते ते दाखवणाऱ्या आकड्यावर) किरकोळ दिसणारी वाढ मोटरीच्या आत किरकोळ नसते. त्यात भर म्हणजे तांब्याचा रोध तापमानाबरोबर दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के वाढतो, त्यामुळे २० अंशांवर असलेले वाइंडिंग १२० अंशांवर गेले की तोच प्रवाह जवळजवळ ३९ टक्के अधिक उष्णता निर्माण करतो. रोटरवरील चुंबकांची ताकद तापल्यावर थोडी उतरते, मग तेवढाच टॉर्क देण्यासाठी ड्राइव्ह, म्हणजे मोटरीला वीज पुरवणारे नियंत्रक, आणखी प्रवाह पुरवतो. उष्णता अशी स्वतःलाच वाढवत जाते, आणि त्यामुळेच काठावर चाललेली मोटर एका मर्यादेनंतर भराभर तापताना दिसते.

ही उष्णता बाहेर पडण्याचा मार्गही अरुंद असतो. फीड ॲक्सिसच्या बहुतेक सर्व्हो मोटरींना पंखा नसतो, त्या पूर्ण बंद असतात, आणि त्यांची बरीचशी उष्णता पुढच्या फ्लँजमधून मशीनच्या ओतीव अंगात उतरते. नेमप्लेटवरील सततचा टॉर्क ठरावीक आकाराच्या धातूच्या पाटावर मोटर बसवून आणि आसपासची हवा जास्तीत जास्त ४० अंश धरून ठरवलेला असतो. मोटरीभोवती चिप्स आणि तेलकट गाळाचा थर साचला असेल, तर त्या मोटरीवर आपण घोंगडी पांघरली आहे असेच समजावे.

मोटर गरम लागते एवढ्यावरून घाबरून जाण्याचे मात्र कारण नाही. साठ अंशांच्या धातूवर हात ठेवून उभे राहता येत नाही, आणि पूर्ण क्षमतेने चाललेल्या निरोगी मोटरीचे अंग ७० ते ८० अंशांपर्यंत जाऊ शकते. आतील इन्सुलेशन बहुधा एफ वर्गाचे, म्हणजे १५५ अंशांपर्यंत टिकणारे असते. हाताचा अंदाज इथे उपयोगाचा नाही. तापमान मोजावेच लागते. इन्फ्रारेड थर्मामीटर वापरायचा असेल तर चकचकीत धातूवर तो प्रत्यक्षापेक्षा कमी आकडा दाखवतो, म्हणून मोटरीवर काळ्या इन्सुलेशन टेपचा एक तुकडा चिकटवून त्यावर नेम धरावा.

फानुक कंपनीच्या अलीकडच्या कंट्रोलवर (मशीन चालवणाऱ्या संगणकावर) याहून सोपी सोय आहे. डायग्नोसिसच्या पानावर ३०८ क्रमांकापुढे प्रत्येक मोटरीच्या वाइंडिंगचे तापमान अंशांत दिसते आणि ३०९ क्रमांकापुढे मागच्या पल्सकोडरच्या, म्हणजे मोटरीची स्थिती मोजणाऱ्या एन्कोडरच्या कार्डाचे. वाइंडिंग १४० अंशांवर गेले किंवा एन्कोडरचे कार्ड १०० अंशांवर गेले की अलार्म येतो. वाइंडिंगची मर्यादा बरीच वर आहे आणि इलेक्ट्रॉनिक्सची बरीच खाली, हे इथे ध्यानात घ्यावे. कूलंटची गरम वाफ किंवा शेजारची गरम हायड्रॉलिक टाकी एन्कोडरला तापवत असेल, तर मोटरीवर भार नसतानाही तक्रार येऊ शकते. मेंटेनन्स करणाऱ्या पुष्कळ लोकांनी हे पान एकदाही उघडलेले नसते, याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण निम्मे निदान तिथेच लिहिलेले असते.

अलार्मचा क्रमांकही काळजीपूर्वक वाचावा, कारण तापण्याचे अलार्म दोन जातींचे असतात. एकात मोटरीतील सेन्सरने तापमान प्रत्यक्ष मोजलेले असते. फानुकवरील ४३० हा या जातीचा आणि मित्सुबिशीच्या ड्राइव्हवरील ४६ हाही. दुसऱ्या जातीत ड्राइव्ह प्रवाहाचा हिशेब ठेवतो आणि मोटर आता तापली असावी असे गणिताने ठरवतो. फानुकचा ४३६ आणि मित्सुबिशीचा ५० क्रमांकाचा ओव्हरलोड या गटात येतात. गणिताचा अलार्म मोटर थंड असतानाही काही सेकंदांत येऊ शकतो, आणि तसा तो आला तर ॲक्सिस कुठेतरी जाम होत आहे, ब्रेक सुटत नाही किंवा एखादा फेज तुटला आहे असा संशय घ्यावा. सेन्सरचा अलार्म दोन-तीन तासांनी येत असेल तर दोष सौम्य पण सततचा आहे, कारण अशा मोटरीला पूर्ण तापायला तेवढा वेळ लागतो. आणि सकाळी मशीन चालू करताच, मोटर गार असताना सेन्सरचा अलार्म येत असेल तर सेन्सर, केबल किंवा एन्कोडर यांपैकी काहीतरी बिघडले आहे आणि यांत्रिक भाग उघडण्याची घाई करू नये.

यानंतरची पायरी म्हणजे लोड मीटरवर तीन नोंदी घेणे. ॲक्सिस स्थिर उभा असताना किती लोड दिसतो, कटिंग न करता जॉगने (बटण दाबून हाताने) सावकाश आणि एकसारख्या गतीने नेताना किती दिसतो, आणि पूर्ण प्रवासात तो कुठे वाढतो. नोंदी दोन्ही दिशांच्या हव्यात, कागदावर लिहिलेल्या हव्यात, आणि शक्य असल्यास एकदा सकाळी थंड मशीनवर व एकदा दुपारी गरम मशीनवर घेतलेल्या हव्यात. आडव्या ॲक्सिसवर स्थिर अवस्थेत लोड अगदी थोडा असायला हवा. तो मोठा असेल किंवा थरथरत असेल, मोटर गुणगुणत असेल, तर ती जागेवर उभी राहूनच प्रवाह खात आहे, आणि त्यामागे बहुधा वाजवीपेक्षा जास्त ठेवलेले गेन (ड्राइव्हच्या प्रतिसादाची तीव्रता) किंवा ताठरलेली स्लाइड (ज्यावर ॲक्सिस सरकतो तो मार्ग) असते. प्रवासाच्या केवळ टोकाला लोड वाढत असेल तर बॉलस्क्रूचा (मोटरीने फिरून ॲक्सिस सरकवणाऱ्या स्क्रूचा) नट आणि टोकाचे बेअरिंग हाउसिंग एका रेषेत नाहीत असे समजावे, कारण नट मध्यावर असताना लांब स्क्रू थोडा वाकून ती चूक पोटात घालतो आणि टोकाजवळ त्याला वाकायला वाव उरत नाही. ठरावीक एकाच जागी उसळी येत असेल तर तिथे स्लाइड झाकणारे टेलिस्कोपिक कव्हर अडकते का, ते आधी पाहावे.

झेड, म्हणजे उभ्या ॲक्सिसचे गणित वेगळे आहे आणि ते मांडून पाहण्यासारखे आहे, कारण तिथे स्पिंडल धरणाऱ्या हेडचे वजन सतत खाली ओढत असते. सावकाश वर नेताना मोटर वजन आणि घर्षण दोन्ही पेलते. खाली आणताना घर्षण वजनाच्या विरुद्ध लागत असल्याने मोटरीला तेवढी मदतच होते. समजा वर जाताना लोड ४६ टक्के आणि खाली येताना २२ टक्के दिसला. दोन्हींच्या बेरजेचा निम्मा, म्हणजे ३४, हा वजनाचा वाटा आणि वजाबाकीचा निम्मा, म्हणजे १२, हा घर्षणाचा. आता काही महिन्यांनी वर जातानाचा लोड ६५च्या आसपास गेला, तर कारण कोणते? खाली येतानाचा आकडाही वाढून ४२ झाला असेल तर वजनाचा वाटा वाढला आहे, म्हणजे मशीनला गॅसचा किंवा हायड्रॉलिक काउंटरबॅलन्स (हेडचे वजन तोलणारी व्यवस्था) असल्यास त्याचा दाब उतरला आहे. खाली येतानाचा आकडा उलट घटून चार-पाचवर आला असेल तर घर्षण वाढले आहे, आणि झेड ॲक्सिसवर अशा घर्षणाचा पहिला संशयित म्हणजे अर्धवट सुटलेला ब्रेक. वर जातानाचा आकडा दोन्ही दोषांत जवळपास सारखा दिसतो, म्हणून दोन्ही दिशांच्या नोंदींचा मी इतका आग्रह धरतो.

हा ब्रेक स्प्रिंगने लागतो आणि २४ व्होल्ट डीसी मिळाल्यावर सुटतो. पुरवठा साधारण २१.६ व्होल्टच्या खाली गेला, जुन्या रिलेचे संपर्क जळाले किंवा लांब केबलमध्ये व्होल्टेज पडले, तर ब्रेक पूर्ण न सुटता घासत राहतो; मोटर त्याच्याविरुद्ध फिरते, ब्रेकची उष्णता थेट मोटरीच्या अंगात शिरते आणि त्याची पूड आत पसरते. व्होल्टेज पॅनेलमध्ये मोजून समाधान मानू नये, ते मोटरीच्या कनेक्टरपाशी आणि ब्रेक सुटलेल्या अवस्थेत मोजावे.

दोष मोटरीत आहे की मशीनमध्ये, याचा निर्विवाद निकाल देणारी चाचणी म्हणजे मोटर कपलिंगपासून सोडवून मोकळी चालवणे. मोकळ्या मोटरीला चालताना अगदी थोडा प्रवाह लागायला हवा. ती मोकळी असतानाही गरम होत असेल किंवा लोड दाखवत असेल, तर दोष तिच्या बेअरिंगमध्ये, ब्रेकमध्ये, वाइंडिंगमध्ये, एन्कोडरमध्ये किंवा ड्राइव्हमध्ये आहे. ती शांत चालली, तर शोध स्लाइड आणि स्क्रूकडे वळवावा. या चाचणीआधी दोन गोष्टींची खबरदारी जिवावर बेतू नये म्हणून घ्यायची आहे. झेड ॲक्सिसची मोटर सोडवण्याआधी हेडखाली मजबूत लाकडी ठोकळा देऊन हेडचे वजन त्यावर टेकवलेले असलेच पाहिजे, कारण ब्रेक मोटरीतच असतो आणि मोटर सुटताच हेड खाली येते. आणि मेन स्विच बंद केल्यावरही ड्राइव्हमध्ये साठलेली वीज काही मिनिटे राहते, म्हणून चार्जचा दिवा विझेपर्यंत कुठल्याही टर्मिनलला हात लावू नये.

माझ्या अनुभवात मोटर तापण्याची बहुसंख्य प्रकरणे मोटरीबाहेरची, आणि त्यांतली बरीच वंगणाची निघतात. स्लाइडसाठी बहुधा ६८ ग्रेडचे स्लाइडवे तेल लागते. टाकीत तेल आहे, पंप चालू आहे, गेजवर दाब दिसतो आहे, एवढ्याने ते प्रत्येक स्लाइडपर्यंत पोहोचते असे सिद्ध होत नाही. वाटेत प्रत्येक बिंदूला तेल मोजून देणारे छोटे मीटरिंग कार्ट्रिज असते, ते गाळाने बसते किंवा नायलॉनची नळी कुठेतरी चेपलेली असते, आणि गंमत अशी की एक वाट बंद झाली तरी गेजवरचा दाब उत्तमच दिसतो. खात्री करण्याची एकच रीत आहे: प्रत्येक टोकाची नळी सोडायची, पंप हाताने चालवायचा आणि तेल येताना डोळ्यांनी पाहायचे. बिडाच्या कामात हा विषय आणखी नाजूक आहे. बिडाची पूड मैद्यासारखी बारीक असते, स्लाइड पुसणाऱ्या झिजलेल्या वायपरखालून ती आत शिरते, तेलाशी मिसळून काळी लापशी होते आणि ही लापशी लॅपिंग पेस्टसारखी स्लाइड घासत राहते. बॉक्स स्लाइडच्या मशीनवर कुणी लूझ काढण्यासाठी जिब (स्लाइडमधली फट भरणारी पट्टी) गरजेपेक्षा जास्त आवळली असेल तर तोही भार मोटरीवरच येतो, आणि असे आवळणे थंड मशीनवर चालून जाते व गरम झाल्यावर नडते.

बॉलस्क्रूचेही तसेच आहे. पोलाद दर मीटरला दर अंशाला सुमारे ११ ते १२ मायक्रॉन वाढते, म्हणजे एक मीटरचा स्क्रू १० अंशांनी तापला की एक दशांश मिलिमीटरहून अधिक लांब होतो. दोन्ही टोके जखडलेल्या स्क्रूला बसवताना दिलेला ताण ही वाढ काही प्रमाणात सामावतो. ताण चुकीचा असेल किंवा बेअरिंगचा प्रीलोड (बसवतानाच दिलेला दाब) जास्त झाला असेल तर स्क्रू तापत जातो तसा तो बेअरिंगांना दाबत जातो आणि लोड दुपारपर्यंत चढत राहतो. सकाळ-दुपारच्या नोंदींतला फरक इथे बोलतो.

यंत्र निर्दोष असूनही मोटर तापते, असेही होते, आणि तेव्हा प्रोग्रॅम तपासावा लागतो. एका सेकंदाचे चक्र धरू: ०.१ सेकंद वेग घेताना २५० टक्के लोड, ०.५ सेकंद एकसारख्या गतीने ४० टक्के, ०.१ सेकंद थांबताना पुन्हा २५० आणि ०.३ सेकंद उभे असताना २० टक्के. साधी सरासरी ७६ टक्के येते आणि सगळे ठीक वाटते. पण उष्णता वर्गाने वाढत असल्याने वर्गांची सरासरी काढून तिचे वर्गमूळ घ्यावे लागते, आणि ते ११६ टक्के येते. ही मोटर काही तासांत अलार्म देणारच. आता वेग घेण्याचा आणि थांबण्याचा काळ दुप्पट केला, तर घर्षणाचा वाटा सोपेपणासाठी बाजूला ठेवल्यास त्या वेळचा लोड १२५ टक्क्यांवर येतो, चक्र केवळ ०.१ सेकंदाने लांबते आणि उष्णतेच्या हिशेबातला लोड सुमारे ८० टक्क्यांपर्यंत उतरतो. छोट्या छोट्या छिद्रांच्या ड्रिलिंगमध्ये, साच्यांच्या वळणदार कामात किंवा टेबलावर नेहमीपेक्षा जड फिक्स्चर चढवल्यावर ही स्थिती हमखास येते. वेगाचे हे काळ पॅरामीटरने बदलतात, पण ते बदलण्याआधी मूळ मूल्ये लिहून ठेवावीत आणि मशीन बनवणाऱ्यांचा सल्ला घ्यावा.

विद्युत बाजूचे दोष कमी आढळतात, पण आढळले की गंभीर असतात. सर्वांत नेहमीचा म्हणजे कनेक्टरमध्ये शिरलेले कूलंट. केबल मोटरीकडे वरून उतरत असेल तर तिला कनेक्टरच्या खालपर्यंत एक झोल द्यावा, म्हणजे थेंब तिथूनच गळून जातात. इन्सुलेशनचा रोध त्यासाठीच्या उपकरणाने, म्हणजे ५०० व्होल्टच्या मेगरने मोजावा आणि त्यासाठी मोटरीची पॉवर केबल ड्राइव्हपासून आधी सोडवावी. ड्राइव्हला किंवा एन्कोडरच्या तारांना मेगर लावला तर चांगला ड्राइव्ह आपल्याच हाताने जाळल्यासारखे होते. १०० मेगाओहमच्या वर असेल तर चांगले, १०च्या खाली आले तर वाइंडिंग बरेच खराब झाले आहे आणि १च्या खाली मोटर वापरू नये. एन्कोडर काढून चुकीच्या कोनात बसवला गेला असेल, तर ड्राइव्हचा प्रवाह रोटरला योग्य जागी ढकलत नाही: ३० अंशांच्या विद्युतकोनाची चूक झाली की तेवढ्याच टॉर्कला सुमारे १५ टक्के जास्त प्रवाह लागतो, आणि ६० अंशांच्या चुकीला दुप्पट, म्हणजे चौपट उष्णता. दुरुस्तीहून आलेली मोटर जुन्या मोटरीपेक्षा जास्त तापू लागली, तर ही शक्यता सर्वांत आधी तपासावी.

विदर्भातील कारखान्यांना आणखी एक हिशेब ठेवावा लागतो. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो, शेडच्या पत्र्याखाली तर त्याहूनही वर, आणि मोटरीची क्षमता ४० अंशांच्या हवेवर ठरलेली असते. हिवाळ्यात खपून गेलेला दोष मे महिन्यात अलार्म होऊन समोर येतो. त्याला केवळ उन्हाळा म्हणून सोडून देऊ नये.

अलार्म टाळण्यासाठी सेन्सरच्या तारा जोडून टाकणे किंवा मर्यादेचे पॅरामीटर वाढवणे हे उपाय काही ठिकाणी केले जातात. ते करू नयेत. इन्सुलेशनचे तापमान दर १० अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा विद्युत यंत्रांचा जुना ठोकताळा आहे, आणि अती तापलेल्या चुंबकांची गेलेली ताकद मोटर थंड झाल्यावर परत येत नाही.

शिरोलीच्या मशीनवर वाय ॲक्सिस जॉगने सावकाश चालवला तेव्हा लोड दोन्ही दिशांना ६० टक्क्यांच्या पुढे होता. मोटर सोडवून मोकळी चालवली, तर आकडा पाच-सहाच्या वर जाईना. टेलिस्कोपिक कव्हर काढल्यावर डाव्या स्लाइडवर तेलाचा चकाकणारा थर होता आणि उजवी स्लाइड राखाडी, कोरडी, बोट फिरवल्यावर काळी पूड लागेल अशी होती. उजवीकडची नळी सोडून पंप पाच-सहा वेळा दाबला, तेलाचा एक थेंब आला नाही. कार्ट्रिज काढून पाहिले तर आत घट्ट झालेला तपकिरी गाळ होता. कार्ट्रिज बदलले, नळी तेलाने भरून घेतली, दोन्ही स्लाइड धुतल्या, वायपर नवे घातले आणि जिब पुन्हा सेट केली. जॉगमधला लोड २५च्या आसपास आला. दुसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजता, सलग पाच तास काम झाल्यावर, ऑपरेटरने डायग्नोसिसचे पान उघडून ३०८ समोरचा आकडा मला फोनवर वाचून दाखवला: ६४ अंश. मोटरीजवळचा पंखा त्याने तेव्हा शेडमध्ये स्वतःच्या बाजूला लावून घेतला होता.